सोळा तास दहा मिनिटं

"सोळा तास दहा मिनिटं! बाप रे. एवढा वेळ बोलणार तरी काय?" असं म्हणून तिने चहात बिस्किट बुडवलं आणि ते तुटायच्या आत तोंडात टाकलं. मी कप विसळत होतो. माझा हात तसाच नळाखाली राहिला. सोळा तास विमानात बसायचं म्हटल्यावर माणूस काय म्हणतं? बसवणार कसं म्हणतं, पाय आखडतील म्हणतं, झोप कशी लागणार म्हणतं. अगदीच झालं तर एवढा वेळ करणार काय, असं म्हणतं. ती म्हणाली, बोलणार काय. म्हणजे बोलायचं हे ठरलेलंच होतं, अडचण होती ती फक्त विषयांची. "कोणाशी?" मी विचारलं, पाण्याच्या आवाजाआडून, जणू मला उत्तराची फारशी गरज नव्हती. "अरे, फोटोग्राफरशी. शेजारी शेजारीच आहोत ना आम्ही. चौतीस एच आणि चौतीस जे." तिने ताटलीत पडलेला बिस्किटाचा चुरा बोटाने टिपला, पर्स खांद्याला लावली आणि ती गेली. दार लागलं. मी नळ बंद केला तेव्हा लक्षात आलं की तोच एक कप मी तीनदा विसळला होता.

ती संग्रहालयात जुनी वस्त्रं सांधते. चारशे वर्षांपूर्वीचा एक भरतकामाचा पडदा तिने अकरा महिने खपून उभा केला होता आणि तो आता जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका शहरात प्रदर्शनासाठी चालला होता. अशा वस्तू एकट्या जात नाहीत. पेटीबरोबर दोन माणसं जातात. एक ती, जिला प्रत्येक टाका ओळखता येतो. आणि दुसरा फोटोग्राफर, जो निघताना आणि पोचल्यावर पडद्याच्या इंचाइंचाचे फोटो काढतो, म्हणजे एखादा धागा तुटलाच तर तो कुठे तुटला हे नंतर भांडायला पुरावा राहतो. हे सगळं मला महिनाभर माहीत होतं. अंतरसुद्धा मीच तिला काढून दिलं होतं, तेरा हजार नऊशे किलोमीटर. नकाशावर सरळ रेघ मारलीस तर ती खोटी, खरी वाट गोलावरून वाकून जाते, हे तिला मी संत्र्यावर दोरा धरून दाखवलं होतं आणि ती "बरं, आता संत्रं सोल" असं म्हणाली होती. पण अंतराने मला काही केलं नव्हतं. तिचं ते एक क्रियापद मात्र दिवसभर चपलेत शिरलेल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

मी शाळेत गणित शिकवतो आणि बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक लावतो. कोणता तास कोणाशेजारी यावा आणि कोणता मुळीच येऊ नये, हे माझ्याइतकं कोणाला कळत नाही. चित्रकलेच्या बाई आणि कवायतीचे सर यांचा मोकळा तास एका वेळी येऊ द्यायचा नाही, असं मोठ्या बाईंनी मला एकदा दार लावून घेऊन सांगितलं होतं. मी ते सहा वर्षं कटाक्षाने पाळलं. पुढे त्या दोघांनी लग्न केलं, मोकळ्या तासाशिवायच. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत बसून मी रफ वहीच्या मागच्या पानावर मांडलं. सोळा तास दहा मिनिटं म्हणजे नऊशे सत्तर मिनिटं. आमचा तास पस्तीस मिनिटांचा. म्हणजे सत्तावीस तास आणि वर पंचवीस मिनिटं. सलग, मधे घंटा नाही, कोणी उठून जात नाही, कोपराला कोपर लागलेलं. मग दुसरं गणित मांडलं. ती आणि मी दिवसात किती बोलतो? सकाळी दहा मिनिटं, जेवताना वीस. त्यातून गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का, लाइटबिल आलं का, हे वजा केलं तर उरतात चार मिनिटं, तीही चांगल्या दिवशी. चार मिनिटांच्या हिशेबाने नऊशे सत्तर मिनिटं बोलायला आम्हाला आठ महिने लागले असते. फोटोग्राफरला ती सगळी मिनिटं एका बैठकीत मिळणार होती. वर परतीची पंधरा तास वीस मिनिटं, कारण येताना वारा पाठीशी असतो.

फोटोग्राफरमध्ये बघण्यासारखं काही आहे असं नाही. पोट सुटलंय, टाळूवर वाटीएवढं टक्कल आहे, धुळीने सारखा शिंकतो, आणि धुळीतच नोकरी करतो. तो देखणा असता तर मला सोपं गेलं असतं. एकदा ती घरची किल्ली विसरली म्हणून मी संग्रहालयात गेलो होतो. तिची कामाची खोली तळघरात आहे. पांढरा उजेड, लांब टेबल, त्यावर पसरलेला पडदा. दाराच्या काचेतून मी बघत राहिलो. दोघं टेबलावर वाकलेले. कोणी काही बोलत नव्हतं. तिने मान वर न करता डावा हात मागे केला आणि त्याने त्या हातात चिमटा ठेवला. पुन्हा हात आला, त्याने भिंग ठेवलं. तिला त्या वेळी भिंगच हवं आहे हे त्याला कसं कळलं? ती माझ्यापुढे हात करते तेव्हा मी विचारतो, काय हवंय? आणि ती म्हणते, काही नाही, राहू दे. त्या दिवशी मी आत गेलोच नाही, किल्ली रखवालदाराकडे ठेवून आलो. घरी आल्यावर ती म्हणाली, "आत यायचंस ना, पडदा दाखवला असता." मी म्हटलं, घाईत होतो.

एके काळी आम्हीही बोलत होतो. लग्नानंतर नव्या नोकरीच्या गावी जाताना आम्ही नऊ तास बसमध्ये होतो. तिला घाटात मळमळायला लागलं, मी तिच्या कपाळाला ओला रुमाल धरून बसलो, आणि मळमळ विसरायला म्हणून ती बोलायला लागली. आपल्या शाळेतल्या मैत्रिणींबद्दल, वडील घरी आले की सगळे कसे गप्प व्हायचे त्याबद्दल, लहानपणी फाटलेल्या फ्रॉकला चोरून घातलेल्या पहिल्या टाक्याबद्दल. मी माझ्या भित्रेपणाच्या गोष्टी सांगितल्या, ज्या मी कोणालाच सांगितल्या नव्हत्या. आमचं गाव आलं आणि गेलं. कंडक्टरने शेवटच्या थांब्यावर उतरवलं तेव्हा आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला बॅगांवर बसून हसत सुटलो. हे सगळं मला रुमालाच्या वासासकट आठवतं. ते थांबलं कधी, हे मात्र आठवत नाही. वेळापत्रकातून एखादा विषय काढून टाकायचा तर सभा होते, परिपत्रक निघतं, सह्या होतात. घरात तसं काही होत नाही. विषय जातो आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसतं.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी फळ्यावर गणित घातलं. अंतर तेरा हजार नऊशे किलोमीटर, वेळ सोळा तास दहा मिनिटं, विमानाचा सरासरी वेग काढा. खाली माना घालून मुलं भागाकाराला लागली. खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला. "सर, ताशी आठशे साठ. पण सर, आत बसलेल्यांना वेग कळतच नाही ना? त्यांना वाटतं आपण नुसते बसलोय." मी म्हटलं, "बरोबर." ती म्हणाली, "मग सर, बाहेरच्यालाच तो कळतो." वर्ग हसला, कारण तिला सारखं काहीतरी बोलायचं असतं. मी हसलो नाही. मी फळा पुसला, आणि पुसूनही आकडे अंधूक दिसत राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागे हातोड्याचे आवाज. "ऐक ना, पेटी बांधतायत, मला हलता येत नाही इथून. चार पन्नासला चेक-इन उघडेल, तेवढं करशील? पासवर्ड तुला माहीतच आहे." मी करतो म्हटलं. खरंच नुसतं चेक-इन करायचं माझ्या मनात होतं. मी शाळेतून घरी येऊन संगणक लावला, घड्याळाकडे बघत बसलो, चार पन्नासला तिचं नाव उघडलं. तिथे विमानाचा आराखडा आला, चौकोनांच्या रांगा. अगदी वेळापत्रकासारखा. चौतीस एचवर तिचं चिन्ह होतं आणि चौतीस जेवर भरलेली राखाडी जागा. त्या राखाडी चौकोनाकडे मी बघत राहिलो. खाली लिहिलं होतं, जागा बदलायची आहे का? विमान जवळजवळ भरलेलं होतं. अगदी मागे, स्वच्छतागृहाला लागून, मधल्या तीन खुर्च्यांतली मधली एक रिकामी होती. अठ्ठावन्न ई. बोट दाबायला कितीसा वेळ लागतो? बावीस वर्षं मी हेच करत आलो होतो. एक चौकोन उचलायचा आणि दुसरीकडे ठेवायचा. मी बोट दाबलं, आणि छातीत थंडगार, छान वाटलं. कागद छापून आला तेव्हा मी तो घडी करून तिच्या पासपोर्टमध्ये ठेवला. रात्री जेवताना ती म्हणाली, "झालं चेक-इन?" मी म्हटलं, "झालं." ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, असं मला वाटलं. पण चोराला असं वाटतंच.

विमानतळावर फोटोग्राफर आधीच आला होता. गळ्यात कॅमेऱ्याची बॅग, हातात नाकाचा स्प्रे. "सर, मॅडमची काळजी करू नका, मी आहे," असं तो मला म्हणाला, आणि मी "छे छे, काळजी कसली" असं म्हणालो. तिने कागद उलगडला. "अठ्ठावन्न? चौतीस होती ना आपली?" तिने हे फोटोग्राफरला विचारलं, पण बघत होती माझ्याकडे. मी म्हणालो, "सिस्टीमने बदलली असेल. हल्ली करतात असं." फोटोग्राफर म्हणाला, "काउंटरवर विचारू या, दोन मिनिटांचं काम आहे." तेवढ्यात सामान विभागातून माणूस आला, पेटी विमानात चढताना तिला समोर उभं राहायचं होतं. "राहू दे," ती म्हणाली. "बसेन मी कुठेही." तिने माझ्या दंडाला हात लावला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग नुसतंच "जेव वेळेवर" असं म्हणाली.

विमान चार पन्नासला सुटलं. घरी येऊन मी फोनवर ते विमान शोधलं. नकाशावर नखाएवढं पिवळं चिन्ह. मला वाटलं होतं आता सुटलो. पण मत्सराला बसायला जागा फार लागत नाही. ताट वाढून घेतलं तेव्हा चिन्ह समुद्रावर आलं होतं आणि मी विचार करत होतो की माणसं जागा बदलून घेतात. तिच्या शेजारच्याला फोटोग्राफर म्हणाला असेल, आम्ही बरोबरचे आहोत, तुम्ही पुढे चौतीसमध्ये जाता का? कोण नाही म्हणेल? कोणीही आनंदाने जाईल. मग मी स्वच्छतागृहाच्या दाराची धाड धाड ऐकली, रांगेतल्या लोकांची कोपरं तिच्या केसांना लागताना बघितली, दोन्ही बाजूंनी दडपलेले तिचे हात बघितले, त्या बोटांना सुईसुद्धा धरता येणार नव्हती. आधी बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याची किळस आली. भाजी गार झाली होती. अकरा महिने तिने मान मोडून काम केलं, आणि त्याच्या शेवटी मी तिला ही खुर्ची दिली होती.

सकाळी शाळेत गेलो तेव्हा विमान उतरून तासभर झाला होता. साडेदहाला शाळा भरते. पहिला तास मी स्वतःला नेहमी मोकळा ठेवतो, कोण शिक्षक आले नाहीत ते बघून बदली तास लावायला. शिक्षकांच्या खोलीत कोणी नव्हतं. फोन वाजला.

"पोचलो," ती म्हणाली. "पेटी सुखरूप आहे. अजून उघडली नाही."

"फार त्रास झाला का जागेचा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बेगडी वाटला.

ती म्हणाली, "जागा बदलली की मेल येतो रे. मला आला होता, मी पेटीपाशी उभी होते तेव्हा. 'आपण निवडलेली नवी जागा, अठ्ठावन्न ई.'"

"मग तू परत बदलली का नाहीस?"

"बदलणार होते. मग म्हटलं, बघू तरी हा सांगतो का. जेवताना वाट बघितली. विमानतळावर बघितली. तर तू म्हणतोस, सिस्टीमने बदलली."

"मला सहन नाही झालं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी हे वाक्य उच्चारत होतो आणि ते इतकं साधं होतं. "तुम्ही दोघं एवढा वेळ बोलत बसणार, ते. मी जळत होतो. लाज वाटते मला."

"त्याच्याशी?" ती हसली नाही, पण तिचा आवाज जरा सैल झाला. "अरे, तो शिंका थांबायची गोळी घेतो आणि मेल्यासारखा झोपतो. उतरताना उठवायला मी चौतीसपर्यंत गेले. पहिले चार तास मी तुला मनात शिव्या देत होते, खरं सांगते. एवढ्या घाणेरड्या शिव्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. मग शेजारचे काका बोलायला लागले."

"कोण काका?"

"लिफ्ट दुरुस्त करायचे. रिटायर झालेत. पहिल्यांदाच विमानात बसलेले, पट्टा लावता येत नव्हता, मी लावून दिला. म्हणाले, बाई, चाळीस वर्षं वर-खाली केलं, आडवा प्रवास आयुष्यात पहिलाच." आता ती हसली. "मुलीकडे चाललेत. तिचं लहानपण, तिचे दात, तिची भांडणं, सगळं सांगितलं त्यांनी. आणि मग मला विचारलं, तुला किती मुलं?"

हा प्रश्न आम्हाला लोक विचारतात. आमचं उत्तर तयार असतं आणि ते दोघांपैकी जो जवळ असेल तो देतो. नाहीत. एवढंच म्हणायचं आणि दुसरा विषय काढायचा.

"मी म्हटलं, एक होती," ती म्हणाली.

आठ वर्षांपूर्वी, सहाव्या महिन्यात, एका दुपारी दवाखान्याच्या बोळात डॉक्टर मला म्हणाले, बाळ गेलं. बघायचंय का, असंही त्यांनी विचारलं. ती आत गुंगीत होती. मी दोघांच्या वतीने नको म्हणालो. एका कागदावर सही केली, त्यावरच्या रकान्यांकडे बघितलं नाही. तिला घरी आणलं, आणि चौथ्या दिवशी शाळेत गेलो, कारण नव्या सत्राचं वेळापत्रक लावायचं राहिलं होतं. ती उशीत तोंड खुपसून पडायची आणि मी म्हणायचो, विचार करू नकोस. तिने एकदोनदा काही बोलायला सुरुवात केली होती, आता आठवतं, आणि मी लगेच उठून चहा ठेवला होता. आठ वर्षं माझ्या मनात ते बाळच राहिलं. ते गेलं, ते नव्हतं, ते विसरायचं. त्याला ना चेहरा, ना मुलगा, ना मुलगी. आणि आता तेरा हजार नऊशे किलोमीटरवरून ती म्हणत होती, होती.

"मुलगी होती?" मी विचारलं.

"हो."

"तुला कोणी सांगितलं?"

"नर्सने. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं. तू कधी विचारलंच नाहीस."

बाहेर प्रार्थना संपून मुलं वर्गात जात होती, शेकडो बुटांचा आवाज जिन्यावरून चढत होता. मी भिंतीकडे तोंड केलं. "मग ते काका काय म्हणाले?"

"म्हणाले, नाव काय ठेवलंस?"

"आणि?"

"सांगितलं मी."

फोटोग्राफर माझ्या मनातून असा गळून पडला की तो कधी तिथे होता याचंच नवल वाटावं. त्याच्या जागी कोण, तर एक म्हातारा, ज्याला मी कधी बघितलं नाही आणि बघणारही नाही, जो त्या परक्या शहरात आपली बॅग ओढत लेकीच्या घराकडे चालला असेल. त्याला माझ्या मुलीचं नाव माहीत होतं. मी त्याच्यावर जळलो. आणि तिला त्याच्या शेजारची खुर्ची कोणी दिली होती? मी स्वतः, माझ्या हाताने.

"मला सांग," मी म्हणालो. "नाव सांग मला."

"फोनवर नाही."

"अगं, एक शब्द तर आहे."

"म्हणूनच नाही." मागे कोणीतरी तिला हाक मारली. "पेटी उघडतायत. ठेवते मी. अरे, येतेय ना मी नऊ दिवसांनी. बसू या आपण, आणि तू मधे चहा ठेवायला उठू नकोस म्हणजे झालं." तिच्या आवाजात राग नव्हता. दमलेली होती ती, आणि कुठेतरी हलकी झाली होती, माझ्याशिवाय.

बदली तासांचा कागद हातात घेऊन मी बाहेर आलो. कार्यालयाकडे जायचं होतं, पण मी खालच्या मजल्यावर उतरलो, जिथे मला काही काम नसतं. आज असती तर तिसरीत असती. तिसरीच्या वर्गाचं दार उघडं होतं आणि बाई हजेरी घेत होत्या. मुलांची संपली होती, मुलींची चालू होती. एकेक नाव, आणि त्यामागून एकेक 'हजर', कोणाचा मोठा, कोणाचा झोपेतला, एकीचा नाकातून. मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिलो. प्रत्येक नावाला वाटायचं, हे असेल का? हे तिने ठेवलं असतं का? पण बाई फार भराभर वाचत होत्या, एक नाव नीट ऐकावं तोवर दुसरं यायचं.

"सर, काही काम होतं का?" बाईंनी विचारलं. सगळा वर्ग माझ्याकडे वळला होता.

"नाही, नाही. तुमचं चालू द्या."

"झाली की हजेरी."

"मुलींची परत एकदा घेता का?" मी म्हणालो. "जरा सावकाश."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मिटलेला हजेरीपट पुन्हा उघडला, बोट पहिल्या मुलीच्या नावावर ठेवलं, आणि मला चौकटीत उभं राहू दिलं.